'फ्लाइंग स्कॉट्समन' घ्यायचंय: शंभर पौंडांचं की अडीचशेचं?

नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांचा प्रश्न आहे. ब्रिटिश वाफेच्या इंजिनांचं वेड लहानपणापासूनचं, आता घरात एक खोली मोकळी झाली आहे आणि तिथे ओओ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या साधारण शहात्तराव्या हिश्शाच्या मॉडेल रेल्वेचे रूळ मांडायचे आहेत. पहिलं इंजिन 'फ्लाइंग स्कॉट्समन'च हवं. भाची इंग्लंडला असते, दिवाळीला येताना घेऊन येईल. पण एकाच नावाची, एकाच मापाची दोन तयार मॉडेल्स दिसतात. एक शंभर पौंडांच्या आसपास, दुसरं अडीचशेच्या घरात. महागात जास्तीचं काय मिळतं? महाग म्हणजे अचूक असं धरून चालायचं का? आणि वापरलेलं, जुनं स्वस्तात मिळालं तर घ्यावं का?

सरळ उत्तर आधी देतो. जास्तीचे पैसे बहुतांशी बारीक तपशिलात आणि रंगकामात गेलेले असतात. थोडे यंत्रणेतही जातात, पण किमतीत दीडशे पौंडांचा फरक असला म्हणून चालण्यात तेवढा फरक पडत नाही. अचूकपणाचा तर किमतीशी संबंध फारच सैल आहे. अडीचशे पौंडांचं मॉडेल एका सालासाठी बिनचूक आणि तुम्हाला हव्या असलेल्या सालासाठी साफ चुकीचं असू शकतं. म्हणून भाचीला दुकानात पाठवण्याआधी एकच गोष्ट ठरवा: तुम्हाला कोणत्या सालचं 'फ्लाइंग स्कॉट्समन' हवं आहे?

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये ही इंजिनं उघडून दुरुस्त करत आलो आहे, स्वतःची आणि क्लबातल्या मंडळींची. त्यामुळे पुढचं सगळं दुरुस्तीच्या टेबलावरून दिसतं तसं लिहितोय.

सालाचा मुद्दा नीट सांगायला हवा, कारण या इंजिनाइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडणार नाही. फेब्रुवारी १९२३ मध्ये डॉन्कास्टरच्या कारखान्यातून ते बाहेर पडलं, तेव्हा त्याला नाव नव्हतं, क्रमांक होता १४७२. इंजिनांचे आराखडे करणारे अभियंते निगेल ग्रेस्ली यांच्या ए-१ वर्गातलं ते इंजिन. वेम्ब्लीच्या १९२४ च्या प्रदर्शनासाठी ते सजवलं गेलं, नाव मिळालं आणि क्रमांक झाला ४४७२. १ मे १९२८ ला लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिंबरापर्यंत न थांबता पहिली नियमित गाडी त्याने नेली. त्यासाठी टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, बदललं होतं. नव्या टेंडरच्या आतून अरुंद वाट होती, तिच्यातून चालत्या गाडीत ड्रायव्हर-फायरमनची जोडी बदलायची. जानेवारी १९४७ मध्ये नवा, जास्त दाबाचा बॉयलर बसला आणि इंजिन ए-३ वर्गात गेलं. पण तोवर त्याचा क्रमांक ४४७२ राहिलाच नव्हता, तो १०३ झाला होता. राष्ट्रीयीकरणानंतर ६०१०३, आधी निळा रंग, मग गडद हिरवा. १९५८-५९ च्या हिवाळ्यात दुहेरी धुरांडं बसलं. १९६१ च्या अखेरीस धुरांड्याच्या दोन्ही बाजूंना धूर वर ढकलणारे जर्मन धाटणीचे पत्रे आले. जानेवारी १९६३ मध्ये सेवा संपली. अॅलन पेग्लर या रेल्वेप्रेमी उद्योजकाने ते विकत घेतलं, पुन्हा पोपटी-हिरवा रंग दिला, ४४७२ क्रमांक दिला, पत्रे काढले, धुरांडं एकेरी केलं.

आता बघा. पोपटी-हिरवा रंग, ४४७२ क्रमांक आणि ए-३ चा बॉयलर, हे तिन्ही एकत्र असलेलं इंजिन रेल्वेच्या नोकरीत कधीच धावलं नाही. ते फक्त १९६३ नंतरचं, जतन केलेलं इंजिन आहे. ओळखायची खूण सोपी आहे. बॉयलरच्या पुढच्या टोकाला, धूरपेटीच्या दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला चौकोनी उंचवट्यासारखी पट्टी दिसली तर तो ए-३ चा बॉयलर. आतल्या सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या यंत्रणेच्या) तोंडाची टोकं बाहेर येतात, त्यावरचं ते झाकण आहे. ए-१ ला ती पट्टी नसते. ४४७२ क्रमांकाचं मॉडेल हातात आलं आणि ही पट्टी दिसली, तर त्याच्यामागे १९३४ सालचे सागवानी डबे जोडू नका. त्या वर्षी ३० नोव्हेंबरला याच इंजिनाने ताशी शंभर मैलांचा वेग नोंदवला, आणि तेव्हा ते ए-१ होतं.

बाजारात या नावाची अनेक मॉडेल्स आहेत आणि प्रत्येकाच्या खोक्यावर 'फ्लाइंग स्कॉट्समन' हेच ठळक छापलेलं असतं. साल कुठेतरी वर्णनात बारीक अक्षरांत असतं, कधी नसतंच. मॉडेल बनवणाऱ्या कंपनीची इथे लबाडी आहे असं मला वाटत नाही. साच्याचा खर्च एवढा मोठा असतो की एकाच साच्यातून जास्तीत जास्त रूपं काढावी लागतात. चांगल्या कंपन्या साच्यात बदलते भाग ठेवतात: दोन प्रकारची धुरांडी, तीन प्रकारची टेंडरं, पत्र्यांसह आणि पत्र्यांविना. त्यांची जोडणी कोणत्या सालाशी जुळते, हे बघणं ग्राहकाचं काम. त्यासाठी तारीख असलेले फोटो लागतात. या इंजिनाचे फोटो मुबलक मिळतात, तेव्हा तुमची अडचण होणार नाही. एखाद्या मालगाडीच्या अनाम इंजिनाच्या बाबतीत मात्र हाच शोध महिनोन्‌महिने चालतो.

अलीकडे जाहिरातीत 'लेझर स्कॅन करून बनवलेलं' असं दिसतं. स्कॅनमुळे वळणदार पृष्ठभाग फार चांगले उतरतात, विशेषतः डिझेल इंजिनांचे चेहरे. पण स्कॅन होतं ते आज उभं असलेल्या, जतन केलेल्या इंजिनाचं. त्याला आजच्या रुळांवर धावण्यासाठी नव्या सुरक्षा यंत्रणा लावलेल्या असतात, विजेच्या तारांच्या धोक्याच्या पाट्या असतात, कुठे रिव्हेटच्या जागी वेल्डिंग झालेलं असतं. ते सगळं ओळखून वजा करणारा जाणकार कंपनीकडे असेल तरच स्कॅनचा उपयोग. जुन्या कारखान्यांचे नकाशे, फोटो आणि स्कॅन हे तिन्ही समोर ठेवून केलेलं काम लगेच कळतं.

आता मापाकडे येतो. ओओ हे मापच मुळात एक तडजोड आहे, हे मान्य केल्याशिवाय अचूकपणावर बोलता येत नाही. ओओ म्हणजे एका फुटाला ४ मि.मी., म्हणजे १:७६.२. खऱ्या रुळांमधलं अंतर १४३५ मि.मी. या मापात ते १८.८३ मि.मी. यायला हवं. पण ओओचे रूळ १६.५ मि.मी. अंतराचे असतात, कारण ते एचओ मापाकडून, म्हणजे ३.५ मि.मी. ला एक फूट या मापाकडून घेतले. ब्रिटिश गाड्या युरोप-अमेरिकेतल्या गाड्यांपेक्षा अरुंद आणि बुटक्या. त्या काळच्या मोटरी एचओ मापाच्या ब्रिटिश इंजिनात मावेनात, म्हणून अंग वाढवलं आणि रूळ तेच ठेवले. परिणाम असा की ओओचं प्रत्येक इंजिन, कितीही महाग असो, समोरून पाहिलं की चाकं आत गेलेली दिसतात. ज्यांना हे सहन होत नाही ते १८.२ किंवा १८.८३ मि.मी. च्या रुळांवर जातात आणि चाकं स्वतः बदलतात. पहिल्या इंजिनाला तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

(आपल्याकडच्या गाड्यांची मॉडेल्स करणाऱ्यांना हीच अडचण उलट्या बाजूने येते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मि.मी. एचओ मापात ते सुमारे १९.३ मि.मी. होतं, पण मिळणारे रूळ १६.५ चेच. त्यामुळे भोर घाटातलं कोणतंही इंजिन एचओमध्ये आणलं तरी त्याची चाकं पावणेतीन मिलिमीटरने आत जातात.)

दुसरी तडजोड वळणांची. तयार रुळांच्या संचातलं दुसऱ्या क्रमांकाचं वळण ४३८ मि.मी. त्रिज्येचं असतं. खऱ्या मापात ते सुमारे ३३ मीटर होतं. एक्स्प्रेसचं मोठं इंजिन अशा वळणात कधीच गेलं नसतं. मॉडेलला मात्र जावं लागतं, म्हणून पुढच्या छोट्या चाकांना डोलायला जागा ठेवतात, सिलिंडर किंचित बाहेर ढकलतात, आणि अनेक पॅसिफिक इंजिनांच्या (पुढे चार छोटी, मध्ये सहा मोठी, मागे दोन छोटी चाकं असलेल्या, याच्यासारख्या) केबखालची, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीखालची, मागची चाकं बिनकडेची आणि स्थिर देतात. ती रुळाच्या किंचित वर तरंगतात. खोक्यात बऱ्याचदा कडेची चाकं वेगळी दिलेली असतात, ती कपाटात मांडण्यासाठी किंवा मोठ्या वळणांसाठी. खोलीची लांबी-रुंदी तुम्ही कळवलेली नाही, पण जमेल तेवढं मोठं वळण ठेवा. ५७२ मि.मी. च्या वळणावर हेच इंजिन कितीतरी डौलदार दिसतं, आणि त्यासाठी एक पौंडही जास्त मोजावा लागत नाही.

जास्तीच्या दीडशे पौंडांचं काय होतं, ते फूटपट्टी घेऊन पाहू. खऱ्या इंजिनाच्या बॉयलरला धरायला जो दांडा असतो तो साधारण सव्वा इंच जाडीचा. ओओत तो ०.४ मि.मी. होतो. स्वस्त मॉडेलमध्ये तो बॉयलरच्या अंगावरच प्लास्टिकची कड म्हणून ओतलेला असू शकतो, एक मिलिमीटर जाडीचा. म्हणजे खऱ्या मापात तीन इंची पाइप. महाग मॉडेलमध्ये तिथे खरी तार असते, छोट्या खुंट्यांतून ओवलेली, आणि तार व बॉयलर यांच्यामधून उजेड दिसतो. रंगाच्या रेघांचंही तसंच. अर्धा इंच रुंदीची रेघ मापात ०.१७ मि.मी. ती वळणदार पृष्ठभागावर, रिव्हेटांवरून, न तुटता छापायला रबरी गादीच्या छपाईचे अनेक हात द्यावे लागतात, प्रत्येक रंगाचा वेगळा. शिट्टी, लोखंडी पायऱ्या, ब्रेक, वंगणाच्या नळ्या, केबमधली मीटरं, हे सगळे वेगळे भाग. ते चिमट्याने एकेक करून बसवणारे हात चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या कारखान्यांत आहेत.

किमती वाढल्या त्याचं कारण इथेच आहे. १९९० च्या दशकात हॉर्न्बी या जुन्या ब्रिटिश मॉडेल रेल्वे कंपनीने उत्पादन इंग्लंडमधून चीनला हलवलं तेव्हा तिथली मजुरी इतकी कमी होती की जुन्या किमतीत दुप्पट तपशील देता येऊ लागला. २००० साली आलेलं त्यांचं नव्या घडणीचं 'मर्चंट नेव्ही' इंजिन पाहून लोक हरखून गेले होते. तेव्हापासून ग्राहकाची नजर तयार झाली आणि ती मागे वळली नाही. मग चीनमधली मजुरी वाढत गेली. २००८ मध्ये हॉर्न्बीची इंजिनं बनवणारा सांडा कान हा कारखाना बाकमनच्या मालक कंपनीने, हाँगकाँगच्या केडरने घेतला. प्रतिस्पर्ध्याच्या हातात कारखाना गेल्यावर हॉर्न्बीला नवे कारखाने शोधावे लागले. २०१६ नंतर पौंडही घसरला. आणि एका फेरीत बनणारी संख्या हजारांतच मोजायची असते, लाखांत नाही. पोलादी साच्याचा सगळा खर्च त्या थोड्या नगांवर वाटला जातो. या सगळ्याकडे पाहिल्यावर अडीचशे पौंड ही लूट आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यातलं आपल्याला काय हवंय, हे विचारायचा हक्क मात्र आपला आहे.

कारण तपशिलाची दुसरी बाजू दुरुस्तीच्या टेबलावर रोज दिसते. तो नाजूक असतो. माझ्याकडे येणाऱ्या नव्या इंजिनांत यंत्रणा बिघडल्यामुळे आलेली थोडी असतात. तुटलेली पायरी, निसटलेली नळी, वाकलेला दांडा, खोक्यातून काढतानाच पडलेला ब्रेकचा लोंबता दुवा, अशीच जास्त. ज्यांचं इंजिन रोज रुळावर चालणार, नातवंडं हात लावणार, त्यांना साधं मॉडेल जास्त सुख देतं. एक मीटर अंतरावरून, चालत्या गाडीत, ०.४ ची तार आणि एक मिलिमीटरची कड यांतला फरक जवळपास कळत नाही. कळतं ते इंजिनाचं एकूण अंग: बॉयलरची जाडी, केबच्या खिडक्यांचा आकार, चाकांचा व्यास, धुरांड्याची उंची. या इंजिनाची मोठी चाकं ६ फूट ८ इंचांची, म्हणजे मॉडेलवर २६.७ मि.मी. च्या आसपास हवीत. कड जास्त खोल ठेवावी लागत असल्याने कंपन्या कधी व्यास थोडा कमी करतात. तेवढं चालतं. धुरांडं चुकलं तर मात्र चेहराच चुकतो. कोणत्याही मॉडेलचा अचूकपणा पाहताना मी आधी ही मोठी मापं आणि रूपरेषा पाहतो, रिव्हेट सगळ्यात शेवटी.

आणि त्याही आधी ते चालतं कसं ते पाहतो. हीच कसोटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. फोटोत चालणं दिसत नाही ना! घरच्या घरी करता येणारी परीक्षा सांगतो. रुळाशेजारी ३० सें.मी. ची फूटपट्टी ठेवा. माणूस ताशी पाच किलोमीटरने चालतो. ओओ मापात तो वेग सेकंदाला १.८ सें.मी. होतो, म्हणजे फूटपट्टी ओलांडायला सुमारे साडेसोळा सेकंद. चांगल्या यंत्रणेचं इंजिन हे अंतर न अडखळता, न धक्का देता, सोळा-सतरा सेकंदांत पार करतं. उलट दिशेनेही. मग वेग वाढवा. ताशी साठ मैलांचा वेग या मापात सेकंदाला ३५ सें.मी. फक्त. बहुतेक नवखे लोक इंजिन याच्या दुप्पट वेगाने पळवतात आणि मग गाडी खेळण्यासारखी का दिसते याचा विचार करत बसतात.

हळू चालताना अडखळलं तर कसं अडखळतं ते पहा. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा, त्याच जागी झटका बसत असेल तर दोष जोडदांड्यात किंवा दोन्ही बाजूंच्या चाकांच्या परस्पर कोनात आहे. तो सहसा घरी सुटत नाही, इंजिन परत करावं. कुठेही, कसाही थांबत असेल तर वीज नीट पोचत नाहीये. आधी रूळ पुसा, चाकं पुसा, मग चाकांमागच्या तांब्याच्या पट्ट्या टेकतात का बघा. जितक्या जास्त चाकांतून वीज उचलली जाते तितकं इंजिन सांध्यांवरून (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागांवरून) सुखाने जातं. टेंडरच्या चाकांतूनही वीज घेणारं इंजिन असेल तर त्यासाठी थोडे पैसे जास्त मोजायला हरकत नाही. स्वस्त आणि महाग मॉडेलमधला खरा उपयोगी फरक बरेचदा हाच असतो. तशीच मोटर. पाच ध्रुवांची मोटर तीन ध्रुवांच्या मोटरपेक्षा हळू वेगात गुळगुळीत चालते, आणि तिच्या दांड्यावर पितळी गतिचक्र असलं तर आणखी. नव्या मॉडेलांत गाभ्याविना मोटरी येऊ लागल्या आहेत. त्या सुरेख चालतात, पण काही जुन्या धाटणीच्या, वेग आपोआप सावरणाऱ्या कंट्रोलरांवर त्या तापतात. तुमच्याकडे एखादा जुना कंट्रोलर पडून असेल तर आधी मोटरची माहिती वाचा.

एक व्हर्नियर कॅलिपर घेऊन ठेवा. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर ओओत साधारण १४.५ मि.मी. असावं. सांध्यावर गाडी उतरते तेव्हा बरेचदा दोष रुळाचा नसून या मापाचा असतो, आणि तो मोठ्या कंपनीच्या कोऱ्या मालातही सापडतो.

वजनही हातात घेऊन बघावं. ओतीव धातूच्या सांगाड्याचं जड इंजिन चढावर डबे ओढतं. मापात ब्रिटिश रेल्वेचा मार्क-१ प्रकारचा एक प्रवासी डबा २५८ मि.मी. लांबीचा होतो. अशा आठ डब्यांची गाडी ओढायची असेल तर हलकं इंजिन कितीही देखणं असलं तरी जागच्या जागी चाकं फिरवत राहील. खोली लहान असेल तर चार-पाच डबेच लागतील, मग चिंता नाही.

डिजिटल नियंत्रणाबद्दल, म्हणजे रुळांतून आज्ञा पाठवून प्रत्येक इंजिन वेगळं चालवण्याबद्दल, फार लिहीत नाही. आज तुम्हाला ते नको असेल तरी इंजिनात त्याच्यासाठी सॉकेट असलेलं बरं, ८ पिनांचं, २१ पिनांचं किंवा नेक्स्ट-१८, कुठलंही चालेल. आवाजाची यंत्रणा बसवून घेतली तर किंमत शंभर पौंडांच्या आसपास वाढते. ते पैसे सध्या रुळांवर आणि सांध्यांवर घाला.

वापरलेल्या इंजिनांचा प्रश्न जास्त काळजीपूर्वक घ्यायला हवा. उत्तम व्यवहार तिथेच होतात आणि फसगतही तिथेच होते. पहिली भीती सांगाड्याच्या धातूची. हा जस्ताचा मिश्रधातू असतो, मॅझॅक म्हणतात. ओतताना त्यात शिसं किंवा तशा अशुद्धी किंचित जास्त गेल्या तर धातू कणांच्या कडांनी आतून कुजत जातो, फुगतो, भेगाळतो. इंजिन खोक्यात पडून राहिलं तरी हे थांबत नाही. दमट, उष्ण हवेत ते वाढतं, तेव्हा मुंबई-कोकणातल्यांनी जास्त सावध असावं. नाशिकची हवा त्या मानाने बरी. विक्रेत्याकडे इंजिनाचे खालून काढलेले फोटो मागा. सांगाडा केळ्यासारखा वाकलेला दिसतोय का, टोकाला बारीक भेगा आहेत का, वरचं अंग सांगाड्यावर नीट बसतंय का, ते पहा. शंका आली तर सोडून द्या, कारण अशा सांगाड्याला औषध नाही.

दुसरी भीती दातेरी चाकांची. प्लास्टिकचं चाक धातूच्या आसावर घट्ट दाबून बसवलेलं असतं. वर्षांनुवर्षं ताणाखाली राहून ते चिरतं. मग इंजिन टिक-टिक आवाज करत चालतं आणि एक दिवस मोटर फिरते पण चाकं हलत नाहीत. हा दोष भाग मिळत असतील तर सहज सुटतो. भाग मिळत नसतील तर इंजिन शोभेचं.

म्हणून मोलाचा विचार करताना मी सुट्या भागांना फार वर ठेवतो. कंपनी आजही त्या साच्याचं इंजिन बनवते का? भागांचा नकाशा मिळतो का? अंग सांगाड्यापासून दोन-तीन स्क्रू काढून वेगळं होतं, की चिकटवलेलं आहे? दोनशे पौंडांचं इंजिन पाच पौंडांच्या चाकासाठी बंद पडलेलं मी अनेकदा पाहिलं आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं. नव्या, लहान कंपन्या विलक्षण सुंदर काम करत आहेत. आयर्लंडच्या अॅक्युरास्केलने तर मोठ्यांना घाम फोडला आहे. पण ठरावीक नगांची एकच फेरी काढून पुढच्या मॉडेलकडे वळणाऱ्यांकडे दहा वर्षांनी तुमच्या इंजिनाचा भाग असेलच असं नाही. दुकानांचंही तसंच. १९४६ पासून चालत आलेलं हॅटन्ससारखं नावाजलेलं दुकान २०२४ मध्ये बंद झालं. खरेदीची पावती, खोकं आणि माहितीपत्रक जपून ठेवा. पुढे विकायचं ठरलं तर त्यांची किंमत येते, आणि भाग शोधताना नेमका क्रमांक हाताशी असतो.

मग तुमच्यासाठी काय? तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्हाला गाडी चालवायची आहे, कपाटात मांडायची नाही. अशा वेळी मी नव्या, साध्या श्रेणीतल्या इंजिनापासून सुरुवात करा म्हणेन, पण दोन अटींवर: यंत्रणेत पाच ध्रुवांची मोटर असावी आणि वीज शक्य तितक्या चाकांतून घेतली जावी. वाचलेल्या पैशांतून चांगले रूळ, मोठी वळणं आणि त्या सालाला जुळणारे चार डबे घ्या. त्या संपूर्ण गाडीकडे पाहताना जो आनंद मिळतो तो एकट्या महागड्या इंजिनातून मिळत नाही. याला एक अपवाद आहे. तुमचं मन १९२४ ते १९४६ मधल्या ए-१ रूपावरच जडलं असेल आणि ते फक्त महाग श्रेणीत मिळत असेल, तर अडीचशे द्या. चुकीच्या बॉयलरचं इंजिन रोज डोळ्यांसमोर फिरलं की सलत राहतं, निदान ज्याला खूण एकदा कळली आहे त्याला. तुम्हाला ती आता कळली आहे. आणि घेण्याआधी पुण्याला फेरी होणार असेल तर कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर पहा. रोज चालणाऱ्या मॉडेलगाड्या कशा चालतात, सांध्यांवरून कशा जातात, हे तिथे डोळ्यांनी पाहता येतं.

आणायचं कसं, तेही विचारात घ्या. ब्रिटनमधल्या दुकानाने थेट भारतात पाठवलं तर तिथला २० टक्के व्हॅट अनेक दुकानं वजा करतात, पण इथे सीमाशुल्क बसतं. चालती मॉडेल्स खेळण्यांच्याच वर्गात मोडतात, आणि त्या वर्गावरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. खासगी पार्सलला दर वेगळा लागू शकतो, तरी रक्कम मोठी होते. भाची सामानातून आणणार असेल तर प्रवाशांसाठीची शुल्कमाफीची मर्यादा त्या वेळी तपासून घ्या आणि पावती तिच्याजवळ राहू द्या. इंजिन तिने हातातल्या बॅगेत ठेवावं, कारण टाकलेल्या-आपटलेल्या सामानात पायऱ्या आणि नळ्या टिकत नाहीत.

निघण्याआधी तिला दुकानातच इंजिन रुळावर लावून दाखवायला सांगा. बहुतेक चांगल्या दुकानांत चाचणीचा रूळ असतो आणि विचारलं तर ते आनंदाने चालवून दाखवतात. दोन्ही दिशांना, अगदी हळू, मग मध्यम वेगाने, आणि फोनवर त्याचं चित्रण करून तुम्हाला पाठवू दे. दोष निघाला तर तिथल्या तिथे बदलून मिळेल. नाशिकहून परत पाठवायचं म्हटलं तर खर्चही जातो आणि महिनाही. घरी आल्यावर लगेच डबे जोडू नका. आधी नुसतं इंजिन मध्यम वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवा, मग माहितीपत्रकात दाखवलेल्या जागी सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब द्या, आणि नंतर फूटपट्टीची परीक्षा घ्या. पहिल्या दिवशी वीस-बावीस सेकंदांत अडखळत जाणारं इंजिन आठवडाभरात सोळा सेकंदांत सरळ जायला लागतं.